होडीची उजवी बाजू

गाणं करणं सोपं असतं असं म्हटलं तर गाणारे मारायला धावतील, पण गाणं विकण्याच्या मानाने ते सोपंच. गाणं करताना निदान आपण काय करतोय ते कळतं. विकताना माणसाला काय काय करावं लागेल याचा नेम नाही. फोनसमोर उभं राहून दात काढावे लागतात. शाळेत ज्यांच्याशी कट्टी होती त्यांना ‘ऐक ना आमचं नवीन गाणं’ म्हणून निरोप पाठवावे लागतात. दुकानदारांच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात. आणि कार्यक्रम संपला, घसा बसला, पाठीचा पार भुगा झाला, की टेबलामागे बसून येणाऱ्या प्रत्येकाला हसतमुखाने विचारावं लागतं, “आवडलं का?”

मास्तरला हे सगळं छान जमायचं. मास्तर म्हणजे बँडचा गिटारवाला. दिवसा मुलांना गिटार शिकवायचा, म्हणून मास्तर. त्याची बायको गायची. अंगाने एवढीशी, पण आवाज असा की माइक बंद पडला तरी मागच्या रांगेला पत्ता लागू नये. म्हणून ती भोंगा. ही दोन्ही नावं ढोल्याने ठेवलेली. ढोल्या ड्रम वाजवायचा, आणि त्याचं नाव ढोल्या का पडलं हे त्याला एकदा दारातून आत येताना बघितलं की कळायचं. बँडचं नाव ‘दोन वल्ही’. त्यावर ढोल्याचा कायमचा राग. “दोन वल्ही तुम्ही दोघं. मग मी कोण? बुडणारा प्रवासी?” चौथी ताई, मास्तरची थोरली बहीण. ती काही वाजवायची नाही, पण विक्रीचं टेबल तिचं. तिच्यासमोर कोणी रेकॉर्ड नुसती हाताळून खाली ठेवली असं क्वचितच व्हायचं. ती अशी काही बघायची की माणूस मुकाट्याने घ्यायचा.

आता होडीची भानगड सांगायला हवी. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी छापखानेवाल्याने घोळ घातला. कव्हर पुस्तकासारखं उघडणारं, मधोमध घडी. बाहेरून झकास छापलं आणि आत छापायचं विसरला. कोरं करकरीत! दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. मास्तर डोक्याला हात लावून बसला. तेव्हा भोंगाने त्याच्या हातात पेन कोंबलं. “रडतोस काय? काढ काहीतरी.” मास्तरला चित्रकलेचा गंध नाही. त्याने वैतागून डाव्या पानावर घडीपर्यंत अर्धी होडी ओढली, एक वल्हं काढलं आणि कव्हर तिच्याकडे सरकवलं. तिने उजव्या पानावर उरलेली अर्धी होडी काढली, दुसरं वल्हं काढलं, खाली दोन लाटा. कव्हर उघडलं की अख्खी होडी.

लोकांनी ती होडी डोक्यावर घेतली. गाण्यांपेक्षा होडीचेच फोटो जास्त फिरले. नवराबायको एकेक अर्धी काढतात आणि बरोब्बर जुळते, काय गोड जोडी आहे, वगैरे वगैरे. तेव्हापासून छापखान्यात मुद्दाम सांगायचे, आत कोरं ठेवा. टेबलावर क्रम ठरलेला. मास्तर डावीकडे. गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, एखाद्याला टाळी देत, तो सपासप आपली अर्धी ओढायचा आणि कव्हर सरकवायचा. भोंगा उजवीकडे. ती मान खाली घालून आपली अर्धी काढायची. “एकीसारखी दुसरी नाही!” ताई ओरडायची. खरंच नसायची. कधी होडी उंच, कधी बसकी, कधी अशी कललेली की आत्ता पाणी शिरेल. मास्तरचं कागदाकडे लक्षही नसायचं आणि त्याचीच त्याला मोठी फुशारकी. “न बघता जुळते,” तो प्रत्येकाला सांगायचा.

आणि दुसरी रेकॉर्ड तयार होत होती तेव्हाच ही गोड जोडी मोडली. भोंगा घर सोडून गेली.

कोणी तिसरं माणूस मध्ये आलं नव्हतं. आदळआपटही नव्हती. ती भांडी घासत होती, तो मागे उभा राहून तिला नव्या गाण्याची चाल ऐकवत होता. तिने नळ बंद केला आणि म्हणाली, “दर वेळी मीच यायचं तुझ्यापर्यंत. तू जिथे असशील तिथे. मी दमले रे.”

“कुठे यायचं?” मास्तर म्हणाला. “आपण एकाच घरात राहतो की!”

ती आधी हसली. मग रडली. मग हात पुसून कपडे भरायला गेली. तो दारात उभा. त्याला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. साधे दोन शब्द. पण माणसाच्या तोंडाला विकण्याची सवय लागली की काय होतं बघा. तो म्हणाला, “रेकॉर्ड निघू दे. दौरा होऊ दे. तोवर कोणाला सांगू नकोस. लोक आपल्याला जोडी म्हणून घेतात.”

भोंगाने बॅगेची चेन अर्धीच लावली होती. ती तशीच थांबली. “एवढंच?”

“शेवटच्या कार्यक्रमापर्यंत. प्लीज.”

“बरं,” ती म्हणाली आणि उरलेली चेन लावली.

ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेली. ढोल्याला आणि ताईला तेवढं माहीत. बाकी जगासाठी दोघं सुखात नांदत होती. मास्तरने मात्र मनाशी पक्कं ठरवलं होतं. हा दौरा रेकॉर्ड विकायला नाहीच, हा दौरा तिला घरी आणायला. रोज एकत्र प्रवास, एकत्र जेवण, एकाच टेबलावर खांद्याला खांदा लावून बसणं. शेवटच्या कार्यक्रमापर्यंत ती विरघळेल. न विरघळून जाते कुठे!

दौरा सुरू झाला आणि मास्तर खुणा शोधायला लागला. फोटो काढताना तिने त्याची कॉलर सरळ केली. खूण! त्याला ठसका लागला तर तिने न सांगता पाण्याची बाटली पुढे केली. खूण! गाडीत तिला झोप लागली आणि तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं, तेव्हा तर तो पुढचा सगळा रस्ता हललाच नाही, हात बधिर होऊन मुंग्या आल्या तरी. ढोल्या गाडी चालवत होता. त्याने आरशातून बघितलं.

“मास्तर, ती झोपलीय फक्त,” तो हळूच म्हणाला.

“तू रस्त्याकडे बघ.”

“मी बघतोच आहे. तू बघ जरा.”

एका रेडिओ केंद्रावर मुलाखत झाली. छोटीशी खोली, भिंतींना फोम लावलेला, एका माइकवर दोघांनी वाकून बोलायचं. निवेदिका मोठी उत्साही बाई. तिने रेकॉर्ड उघडून होडी समोर धरली. “आमच्या श्रोत्यांना सांगा, ही जुळते कशी? रहस्य काय?”

“रहस्य कसलं?” मास्तर म्हणाला. “आपोआप जुळते. बघावंसुद्धा लागत नाही. इतकी वर्षं सोबत राहिलं की हात आपोआप बरोबर जातो.”

“आणि तुम्ही काय म्हणाल?” निवेदिकेने भोंगाला विचारलं.

भोंगाने उघडी रेकॉर्ड आपल्याकडे वळवली. मग ती म्हणाली, “मी बघून काढते.”

निवेदिका खळखळून हसली. मास्तरही हसला. त्याला वाटलं काय हजरजबाबी आहे माझी बायको!

असा तो खुळा. मूर्ख म्हटलं तरी चालेल. पण आशा लागलेल्या माणसाला शहाणपण शिकवायला जाऊ नये, ते त्याच्या कानावरून जातं.

शेवटचा कार्यक्रम एका जुन्या हॉलमध्ये, रविवारी संध्याकाळी होता. दुपारी मास्तर आवाजाची जुळवणी आटोपून मागच्या खोलीत गेला, आणि दारातच थबकला. खोलीभर खोकी. न विकलेल्या सगळ्या रेकॉर्डी ताईने आणून ठेवल्या होत्या. मधोमध जमिनीवर भोंगा मांडी घालून बसलेली, केस वर बांधलेले, गालाला शाई लागलेली. ती एकेक कव्हर उघडत होती आणि उजव्या पानावर आपली अर्धी होडी काढत होती. काढून झालेली कव्हरं शाई वाळावी म्हणून सोफ्यावर, खिडकीत, हीटरवर उघडी पसरून ठेवली होती. पाय ठेवायला जागा नाही.

“हे काय?” मास्तर म्हणाला.

“करून ठेवतेय,” ती मान वर न करता म्हणाली. “तू सुकलेली तेवढी गोळा कर ना.”

त्याने गोळा केली. एका कार्यक्रमाला इतक्या लागणार नव्हत्या. इतक्या म्हणजे पुढच्या गावांच्या, पुढच्या दुकानांच्या, पुढच्या कितीतरी दिवसांच्या. जिला जायचंय ती बाई असं करेल कशाला? जी राहणार आहे तीच पुढची तयारी करते! मास्तरचं मन नाचायलाच लागलं. त्याने तिला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर? पण त्याला वाटलं, उगाच बोलून नजर नको लावायला. तो तसाच बाहेर जाऊन ताईला म्हणाला, “ताई, बघितलंस ना? गाडी रुळावर आली!”

ताईने त्याच्याकडे बघितलं. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते तिने गिळलं. “तू बोललास का तिच्याशी?”

“बोलायचं काय त्यात? दिसतंय की!”

“बोल,” ताई म्हणाली. “माझं ऐक. आत्ता जा आणि बोल.”

तेवढ्यात हॉलवाला दिव्यांचं काहीतरी विचारायला आला आणि मास्तर त्याच्याबरोबर गेला. ताई तिथेच पदर हातात धरून उभी राहिली.

कार्यक्रम रंगला. भोंगा अशी गायली की ढोल्याचासुद्धा एकदा ठोका चुकला. शेवटच्या गाण्याआधी मास्तर माइकपाशी आला. त्याच्या पोटात आनंद मावत नव्हता. तो म्हणाला, “मंडळी, निरोप घेत नाही. पुढच्या वर्षी ‘दोन वल्ही’ पुन्हा इथेच! आम्ही दोघं, नवीन गाणी, आणि हा बुडणारा प्रवासी!” लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. ढोल्याने ड्रमवर थाप मारली नाही. मास्तरने वळून बघितलं तर भोंगा त्याच्याकडे पाठ करून पाणी पीत होती. बाटली रिकामी होईपर्यंत पीत होती. मग ती वळली आणि शेवटचं गाणं गायली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही सूर न हलवता.

टेबलावर त्या दिवशी ती बसलीच नाही. मास्तर तिला शोधत मागच्या बोळकांडीत आला. ती कोट घालून उभी होती. पायाशी दोन मोठ्या बॅगा.

“मला न विचारता सांगून टाकलंस सगळ्यांना,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

“अगं, मला वाटलं... तू सगळ्या कव्हरांवर काढलंस. मला वाटलं तू राहतेयस.”

भोंगाने डोळे मिटले. “अरे, मी नसताना तुझं अडू नये म्हणून काढलं. लोक दोन्ही अर्ध्या मागतात. तू काय सांगणार होतास त्यांना?” मग तिने एका दूरच्या गावाचं नाव घेतलं. तिथल्या शाळेत गाणं शिकवायची नोकरी धरली होती, दुपारीच ताईला सांगितलं होतं. त्यालाही सांगणार होती, कार्यक्रम झाल्यावर, नीट बसून.

“घरी चल,” मास्तर म्हणाला. एवढ्या महिन्यांनी, शेवटी, ते शब्द निघाले. “मला रेकॉर्ड नको, काही नको. जाऊ नकोस. तू घरी चल.”

ती रडायला लागली. ओठ दाबून, आवाज न करता. एवढा मोठा आवाज असलेली बाई. “हे तेव्हा म्हणायचं होतं ना रे,” ती म्हणाली. “मी बॅग भरत होते तेव्हा. मी थांबले होते.”

आणि मास्तरला ती अर्धी लावलेली चेन आठवली.

ढोल्या आला, त्याने दोन्ही बॅगा उचलल्या. मास्तरकडे त्याला बघवेना. ती त्याच्या मागोमाग गेली. टेबलापाशी कोणीतरी “मास्तर, सही!” म्हणून हाका मारत होतं.

पुढचे काही दिवस ताई त्याच्याकडेच राहिली. तो जेवायचा, शिकवायला जायचा, आला की खोक्यांकडे पाठ करून झोपायचा. ताईने सांत्वन वगैरे केलं नाही, तिला ते येतच नाही. पण एका शनिवारी तिने त्याच्यापुढे शर्ट आपटला. “ऊठ. दुकानवाल्याला शब्द दिलाय. त्याने बोर्ड लावलाय. आपल्या दुःखापायी त्याला तोंडघशी पाडायचं नाही.”

दुकान रेकॉर्डींचं, अरुंद आणि लांब, जुन्या पुठ्ठ्याच्या वासाचं. दुकानदाराने दाराशी छोटं टेबल मांडलं होतं. खुर्च्या दोन. मास्तर सवयीने डावीकडे बसला. ताईने काही न बोलता उजवीकडची खुर्ची उचलून आत नेली.

पहिलीच एक वयस्कर बाई आली. तिने नवीन रेकॉर्ड घेतली, उघडून पुढे ठेवली. उजव्या पानावर भोंगाची अर्धी होडी तयार होती. मास्तरने पेन उचललं आणि नेहमीसारखी आपली अर्धी सपासप ओढली. रेघ घडीपाशी आली आणि त्याचा हात थांबला. त्याची होडी वर गेली होती. तिची खाली होती. मध्ये बोटभर अंतर.

“माफ करा हं,” तो म्हणाला. त्याने दुसरं कव्हर घेतलं. या वेळी फार खाली आली. तिसरं घेतलं. काठ जुळला तर तळ जुळेना.

“काही हरकत नाही हो,” बाई म्हणाली. “सावकाश काढा. माझ्याकडे तुमची पहिली रेकॉर्ड आहे. सही घ्यायची म्हणून आणलीय.” तिने पिशवीतून ती काढून उघडून ठेवली.

मास्तरने आयुष्यात पहिल्यांदा ती होडी नीट बघितली.

त्याची रेघ भलतीकडे भरकटली होती. बहुतेक कोणालातरी टाळी देताना ओढलेली. पार वर, घडीच्या टोकाला जाऊन धडकलेली. आणि तिची रेघ बरोब्बर तिथूनच सुरू झाली होती. त्या वेड्यावाकड्या जागेवरून तिने ती अलगद खाली आणली होती, उंच होडी केली होती, जणू मुळात तशीच काढायची होती. त्याने आपली चूक कुठेही नेऊन ठेवावी आणि तिने तिथे जाऊन ती होडी करावी. एकेका कव्हरावर. वर्षानुवर्षं. एकीसारखी दुसरी नाही, असं ताई ओरडायची आणि तो हसायचा.

मग त्याने नवीन कव्हर उघडलं. त्यावरची तिची अर्धी सरळ होती, शांत, मध्यावर. खोक्यातून चार-पाच काढून बघितली. सगळी तशीच. कोणाच्या रेघेला जाऊन भिडायचं नसलं की तिची होडी अशी असते, हे त्याला माहीतच नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

“काय झालं?” बाईने विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. डोळे भरून आले होते, ते त्याने लपवले नाहीत. त्याने पेन घडीवर टेकवलं, तिची रेघ जिथे संपत होती तिथे. आणि उलट्या बाजूने निघाला, तिच्याकडून आपल्याकडे. मान खाली घालून, श्वास धरून, गप्पा न मारता. काठ काढला. परत घडीपाशी येऊन तळ काढला. वेळ लागला. मागे रांग लागली होती, ताईने कोणाला चकार शब्द काढू दिला नाही. शेवटी त्याने वल्हं काढलं आणि पेन खाली ठेवलं.

“जुळली की!” बाई आनंदाने म्हणाली. “काय सुंदर जुळलीय!”

“हो,” मास्तर म्हणाला. “बघून काढली की जुळते.”

बाईने शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. मग इकडेतिकडे बघत विचारलं, “आणि त्या कुठे आहेत? त्यांची पण गाठ पडली असती.”

मास्तरने कव्हर मिटून तिच्या हातात दिलं.

“ती येऊन गेली,” तो म्हणाला. “मलाच उशीर झाला.”